एथेल टीचरांची मनोरी

मरोळ गावठाणातल्या रुडॉल्फने नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाडवडिलांची भातशेतीची पट्टी बिल्डरला विकली आणि त्याला एकदम स्वर्गाची काळजी लागली. चर्चच्या आवारात संगमरवरी बाकडं बसवायचं आणि त्यावर आपलं नाव कोरायचं, असं त्याने ठरवलं.

"देवाला तुझं नाव ठाऊक नाही वाटतं?" बायको ॲग्नेस तव्यावरचे बोंबील उलटत म्हणाली.

"अगं, ही स्वर्गातली ठेव आहे."

"मग पाटी तिकडेच लाव ना."

फादर रेमंडनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "बाकडी पुष्कळ आहेत रे. एथेल टीचरांची नजर गेलीय. संध्याकाळी त्यांना बायबल वाचून दाखवशील?"

रुडॉल्फचा चेहरा पडला. पैसे देणं सोपं होतं. पण संध्याकाळी नाक्यावर कॅरम रंगायचा, आणि एथेल टीचरांनी त्याला शाळेत वर्षभर वर्गाबाहेर उभं केलेलं.

नाइलाजाने तो गेला आणि भराभर वाचू लागला.

"पूर्णविराम आला की थांबावं," टीचर म्हणाल्या. "चौथीतही थांबत नव्हतास."

तरी तो रोज जात राहिला. एकदा येशूने तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासे भाजले, तो भाग आला. टीचर हळूच म्हणाल्या, "आमच्या गावी, मनोरीला, असाच वास यायचा. आता मला कोण नेणार?"

त्या रात्री रुडॉल्फला झोप लागेना. सकाळी तो म्हणाला, "ॲग्नेस, बाकडं राहू दे. टीचरांना मनोरीला नेऊ या."

"बरं झालं. मलाही कुठे नेलं नाहीस लग्नापासून."

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तिघं टॅक्सीने मार्व्याला गेली, तिथून होडीने खाडीपलीकडे मनोरीला. ओहोटी होती. होडी काठापर्यंत जाईना, तेव्हा रुडॉल्फने टीचरांना उचलून घेतलं. नवी पँट मांडीपर्यंत चिखलात.

"सांभाळून रे," ॲग्नेस मागून हसली. "लग्नात मला नव्हतं असं उचललंस!"

काठावर जाळी विणत बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगो, ही एथेल नव्हं?"

टीचरांनी आवाजाकडे हात पसरले. "प्रेमा? माझे आवळे चोरणारी?"

"चोरले तूच!"

दोघी रडल्या, मग आवळ्यांवरून दुपारभर भांडल्या. रुडॉल्फ वाळूत बसून ऐकत राहिला. घरी परतायची आठवण शेवटी होडीवाल्यानेच करून दिली.

टॅक्सीत टीचर ॲग्नेसच्या खांद्यावर झोपल्या. मालाड आलं तशा जाग्या झाल्या. "गोवंडीला माझी बहीण अंथरुणाला खिळलीय. पुढल्या खेपेला तिलाही घेऊ."

रुडॉल्फने ॲग्नेसकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "तिला उचलायला जरा ताकद कमव. आणि जुनी पँट घाल."