सतरावा वण

मी एक जुनी यीस्टची पेशी आहे. मित्रांनो, हसू नका. वय अडीच दिवस, पण अंगावर सतरा वण. पोटची कलिका, म्हणजे माझी मुलगी, सुटून गेली की तिच्या जागी एक वण राहतो. वण मोजा, माझं वय कळेल.

वण पहिला

सांगलीच्या प्रयोगशाळेतला काचेचा चंबू. साखरेचं पाणी. मुलगी मोठी झाली, सुटली, गेली. मला वाटलं, हे सगळं मी एकटीनं केलं.

वण दुसरा ते सोळावा

खाल्लं. फुगले. दिलं.

सतरावा, अर्धाच

आम्हाला सांभाळणारी शिवांजली जत्रेला रहिमतपूरला, घरी गेली. रविवारी यायची ती आली सोमवारी. साखर संपली. जेमतेम फुटलेली कलिका तिथेच थांबली.

माझ्या पोटात रिक्तिका आहे, साठवणीची आणि साफसफाईची पिशवी. तिचा वाटा मिळाल्याशिवाय मुलीचा संसार सुरू होत नाही. तो पोचवणारं एक प्रथिन आहे, माझा हमाल. त्याच्या अंगावर फॉस्फेटचा बिल्ला लागला, तरच तो पिशवी धरतो. उपाशी घरात बिल्ला कोण लावणार?

दार वाजलं.

"एवढ्या गढूळ पाण्यापायी मला नव्वद किलोमीटर गाडी मारायला लावलीस व्हय गं?" हे तिचे दादासो काका.

"आवं, उपाशी हायत त्या."

"मग सांगायचं न्हाई? घरनं काकवी आणली असती."

"मोजून द्यावं लागतं, काका."

"लय लाडाच्या हायत. बरं, निगतो मी. कुपवाडला दुसरी शिफ्ट हाय."

पाणीही न पिता ते गेले.

सतरावा, उरलेला

साखर आली. बिल्ला लागला. हमालाने पिशवीचा वाटा आम्हा दोघींमधल्या अरुंद मानेतून मुलीकडे नेला. तिथे पोचताच त्याच्यावर दुसरी खूण चढली: याला मोडा. तो तसाच राहिला असता, तर वाटा माझ्याकडे परत आला असता. तो मोडला, म्हणून मुलीचं मुलीला मिळालं.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून शिवांजलीने फोन लावला.

"काका, पोचलं."

"काय पोचलं?"

"सगळं."

"बरं. जेव आता."

मित्रांनो, सोळा वेळा सोळा हमाल असेच मोडले, मी एकाकडेही पाहिलंसुद्धा नव्हतं. तुम्हालाही कुणीतरी दारापर्यंत सोडून निघून गेलं असेल. पुढच्या वेळी त्याला पाणी तरी विचारा. माझा हमाल आता नाही. पण मुलगी सुटली, आणि त्या जागेला मी माझा वण म्हणत नाही. तो त्याचा आहे.