वन्संचा लाल माठ

आमच्या वन्सं सकाळी सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या की माझं डोकं उठायचं. हातात लाल माठाची ही एवढी मोठी जुडी, मुळांना अजून ओली माती, आणि तोंडात ठरलेलं वाक्य. "करुणा, आजची एकदम कोवळी हाय. पम्याला भरपूर वाढ. रगात वाढतं."

पम्या म्हणजे आमचे हे, प्रमोद. वन्सं त्यांची मोठी बहीण, चंपा. नवरा गेल्यावर माहेरी परतल्या आणि आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहू लागल्या. हातखंब्याच्या अलीकडे आमची वाडी आणि वाडीच्या खाली मळा. भात कापून झालं की त्या मळ्यात दुसऱ्या कुणाची लुडबूड चालत नाही. माठाचं बी त्या राखेत कालवून फेकतात, म्हणजे एका जागी दाट पडत नाही. पऱ्यावरून, म्हणजे खालच्या ओढ्यावरून, हंड्याने पाणी आणतात आणि हातानं शिंपडतात. मी एकदा पाइपने पाणी मारलं तर केवढा तमाशा! "रोपं झोपवलीस गो माझी!" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाजी मात्र खरी गोड, ते नाकारत नाही. पानं चांगली तीन-चार पाण्यांतून काढायची, लसूण ठेचून फोडणीला टाकायचा, मग कांदा, हिरवी मिरची आणि चिरलेला माठ. पाणी घालायचं नाही, भाजीचं भाजीलाच सुटतं. वरून मूठभर ओलं खोबरं. भातात कालवली की भात गुलाबी होतो.

ह्यांच्या हृदयाची झडप उन्हाळ्यात मुंबईला बदलली. आत धातूची बसवली. तिथली नोकरी सोडून हे कायमचे गावी आले. रक्त पातळ ठेवायची एक बारीक गोळी रोज घ्यायची, ती जन्मभर, आणि महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं. निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवणखाण एकदम बदलू नका." आम्ही कशाला बदलतोय? पावसात सुकी मासळी आणि कुळथाची पिठी, भात कापलं की माठ आणि मुळा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. ह्यात बदल तो कसला? पावसाळाभर रक्ताची तपासणी अगदी बरोबर येत होती. मग कापणीच्या गडबडीत ती राहून गेली. हे दिसायलाही टुणटुणीत, म्हणून आम्ही निर्धास्त.

त्या दुपारी हे जेवायला बसले होते. वन्सं समोर बसून आग्रह करत होत्या, मी पाठमोरी भाकऱ्या भाजत होते. "आक्का, पुरे गो..." एवढं ऐकलं आणि ताट वाजलं. वळून बघते तर घास हातातून गळलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाल धार!

"अगो बाय माझे, रक्त!" मी किंचाळले. पदराने पुसलं तर तो माठाचा रस. पण उजवा हात लुळा होऊन मांडीवर पडला होता. हे माझ्याकडे डोळे फाडून बघत होते, काहीतरी सांगू बघत होते आणि तोंडातून नुसतं "ब... ब..." निघत होतं.

शेजारच्या काशीरामभावजींनी गाडी काढली. रत्नागिरीला पोचेपर्यंत मी काय काय बडबडले ते मलाच माहीत नाही. वन्सं ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

नशीब थोर आमचं! तपासण्या चालू असतानाच ह्यांची बोटं हलायला लागली. संध्याकाळपर्यंत बोलणंही आलं, अडखळत का होईना. डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या, "रक्त पातळ राहिलेलं नाही. झडपेवर गुठळी धरली असणार आणि तिचा कण मेंदूत गेला. गोळी चुकली का?"

"छे हो! माझ्या डोळ्यांदेखत घेतात," मी म्हटलं.

"मग खाण्यात काही? पालेभाजी किती खातात?"

वन्संचा चेहरा उजळला. कुणीतरी एकदाचं त्यांच्या कामाचं विचारलं होतं. "रोज! दोन्ही वक्ताला! घरची हाय बाई, शेणखतावरची. मीच लावते, मीच खुडते. भाताएवढी भाजी खातो माझा भाव!"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मावशी, त्या भाजीनेच हे झालं."

त्या समजावून सांगू लागल्या. हिरव्या-लाल पाल्यात 'के' जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं. चांगल्या माणसाला ते हवंच. पण ह्यांची गोळी रक्त गोठू देत नाही, तेच तिचं काम. गोळी तेवढीच आणि भाजी अचानक भरमसाट, म्हणजे भाजी गोळीला पुरून उरणार.

माझं डोकंच फिरलं. "ऐकलंत, वन्सं? रगात वाढतं, रगात वाढतं! घ्या वाढवून आता! घासाघासाने मारायला निघालात भावाला!"

"अहो, ओरडू नका," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "भाजी वाईट नाही आणि बंद तर मुळीच करू नका. रोज थोडी, वर्षभर सारखी. त्या मापाने मी गोळी बसवते. एकदम सोडलीत तर उलटा धोका, रक्त वाहायला लागेल." हे ऐकायला वन्सं तिथे नव्हत्या. माझ्या बोलण्यावर त्या उठून सरळ एसटी स्टँडवर गेल्या होत्या.

ह्यांना घेऊन घरी आलो तर मळ्यात माठाचं एक रोप उभं नव्हतं. सगळं उपटून बांधावर फेकलेलं, उन्हात सुकत पडलेलं. वन्संचं दार लोटलेलं होतं. हे म्हणाले, "आक्काला बोलव." मी तणतणतच गेले.

खोलीत चूल पेटलेली नव्हती. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस तसेच पिंजारलेले.

"मळा कशाला उपटलात? कुणी सांगितलं होतं?" मी सुरू केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं भडाभडा सांगितलं. त्यांना ऐकूच आलं नसावं.

"करुणा," त्या म्हणाल्या, "आईचं तोंड पण असंच वाकडं झालं होतं ना गो?"

सासूबाईंना जाऊन वर्षं झाली, हे आत्ता कुठून निघालं?

"थंडीच होती. आईचं पण काळीज कमजोर होतं. मी तिला असाच माठ भरवायची, दोन्ही वक्ताला. ती नको नको म्हणायची तरी भरवायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला कसली गोळी होती गो? तूच आणायचीस ना?"

मीच आणायचे. हे तेव्हा मुंबईला होते आणि वन्संना वाचता येत नाही. हातखंब्याच्या दुकानातून सासूबाईंची गोळी दर महिन्याला मी आणायचे. ह्यांची पहिली पट्टी हातात आली तेव्हा नाव वाचून मनात आलंही होतं, अरेच्चा, ही तर आईंचीच गोळी! तेवढंच. पुढे काही सुचलंच नव्हतं. ते आत्ता सुचलं. आईंना भरवणाऱ्या ह्या होत्या, पण भाजी शिजवणारी कोण होती? चुलीपाशी तर मीच असायचे.

वन्संनी माझं मनगट धरलं. "सांग ना गो. मीच मारली का तिला?"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. "आईंची गोळी प्रेशरची होती. तिला भाजी चालते."

"खरं?"

"मग खोटं सांगते की काय?"

"पम्याची शपथ घे."

जो माणूस नुकता मरता मरता वाचला होता त्याची शपथ! वन्सं डोळ्याचं पातं न हलवता बघत होत्या.

"ह्यांची शपथ," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि तोंडात पदर कोंबून लहान पोरीसारख्या रडल्या. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं. "मग थोडी लावू का परत? त्याला सोसेल तेवढीच?"

"लावा," मी म्हटलं.

बाहेर आले आणि पायरीवरच बसले. अंगणापलीकडे ओटीवर हे खुर्चीत बसले होते. "क... काय म्हणाली आक्का?"

"माठ लावते म्हणाल्या," मी म्हटलं.