अनुक्रमांक सतरा

जुने कागद द्यायला येणारी माणसं बहुतेक घाईत असतात. पेटी टेबलावर आदळायची, पावती खिशात घालायची आणि माळा मोकळा झाल्याच्या आनंदात निघायचं. मेजरसाहेबांना घाई नव्हती. वय चौऱ्याऐंशी, पाठ फुटपट्टीसारखी ताठ, आणि हातातली पत्र्याची पेटी आमच्या शिपायाला हातसुद्धा लावू दिली नाही.

"बाई, चार्ज रीतसर द्यायचा," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "एकेक कागद तुम्ही वाचायचा, सूचीत चढवायचा, मग दोघांच्या सह्या."

"साहेब, अशानं पंधरवडा जाईल."

"माझी काही अडचण नाही."

ती नसणार हे मला कळलंच होतं. त्यांनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि पाठोपाठ कप काढले, दोन. या संग्रहालयात एकोणीस वर्षं सूच्या करतेय मी. कागदांपेक्षा ते आणणारी माणसं लवकर वाचता येतात.

पेटीत होती त्यांची रोजनिशी आणि दोनशे अकरा सुटे कागद. तरुणपणी त्यांच्या पलटणीनं एका परक्या मुलखावर चौदा महिने ताबा ठेवला होता, त्या काळातले.

"घरी कोणी वाचलं हे?" मी विचारलं.

"मुलगा म्हणाला, रद्दीवाल्याला द्या."

"मग दिलं का नाहीत?"

"रद्दीवाला वाचत नाही."

मी चहा घेतला. पहिल्या दिवशी नऊ कागद झाले.

रोजनिशी सुरू होते ती 'आम्ही'नं. आम्ही पूल ओलांडला, आम्ही शाळेत तळ दिला. चौथ्या महिन्यापासून 'आम्ही' विरळ होतो आणि पुढे नुसता 'मी' उरतो. साहेबांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरातली वरची खोली मिळाली होती. बाई आणि त्यांची म्हातारी आई खाली राहायच्या. पाववाला पाव द्यायचा, पण तोंड उघडायचा नाही. न्हाव्याच्या दुकानात साहेब शिरले की गप्पा बंद. एके ठिकाणी लिहिलंय: 'आज बूट काढून, नुसत्या मोज्यांवर जिना उतरलो. तरीही खालचं बोलणं थांबलं.'

"हे कशासाठी केलंत?" मी विचारलं.

"त्या कशावर हसतात ते ऐकायचं होतं."

"कळलं?"

"नाही. बहुधा माझ्यावरच."

असे दिवस जात राहिले. साहेब अकराच्या ठोक्याला येत. प्रत्येक कागदामागे एक हकिगत, आणि हकिगतीत एखादा उपप्रश्न आलाच तर दुसरी. मी मुद्दाम सावकाश लिहीत होते, हे कबूल करायला हरकत नाही. माझ्याही घरी कोणी वाट पाहत नव्हतं. फक्त एका खाकी पाकिटाला माझा हात लागला की साहेब म्हणायचे, "ते उद्या." सहा वेळा उद्या झालं. चौदाव्या दिवशी पेटीत ते एकटंच उरलं.

आत त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घराची यादी होती. सैन्य एखादं घर घेतं तेव्हा घरातल्या सामानाची यादी होते. 'ताब्यात दिलं' या रकान्यात घरमालकाची सही, आणि घर सोडताना 'परत मिळालं' या रकान्यात पुन्हा त्याचीच. खुर्च्या सहा, भिंतीवरचं घड्याळ एक, अनुक्रमांक सतरा शिलाई मशीन, असं चाळीसपर्यंत. पहिली सही बारीक, गोल, कागदावर दाबून केलेली. दुसरीत नाव तेच, पण शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. तशी शेपूट त्या पंधरवड्यात मी शेकडो वेळा पाहिली होती. माझ्याच सूचीवर.

"साहेब, एवढ्या महिन्यांत या बाईंची सही फारच बदलली."

ते हसले नाहीत. थर्मासचं झाकण त्यांनी दोनदा फिरवून घट्ट केलं.

"दुपारी बाराला हुकूम आला, चारला निघायचं. सही असलेली यादी जमा केल्याशिवाय अधिकाऱ्याला गाडीत बसता येत नव्हतं. बाईंनी उभ्या उभ्या यादी वाचली, एकेका ओळीवर बोट ठेवून. सतरावर बोट थांबलं. म्हणाल्या, 'सतरा.' आमच्या भाषेत. रेशनच्या रांगेत आकडे शिकल्या असणार. एवढ्या महिन्यांत माझ्याशी बोललेला तेवढा एकच शब्द. आणि पेन खाली ठेवलं."

"मशीन कुठे होतं?"

"ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला नेलं होतं. आठ दिवसांसाठी, अशी चिठ्ठी मीच दिली होती. ते पुढच्या तुकडीबरोबर गेलं ते गेलंच. गाडीत बसण्याआधी मी त्यांच्या नावानं सही केली. चोख चार्ज दिला म्हणून वरून शाबासकीही आली."

"त्या बाईंचं पोट त्याच मशीनवर होतं ना?"

"हो."

मग साहेब खाली बघत म्हणाले, "सूचीत 'घराची यादी, दोन्ही सह्यांसह' असं लिहिलं तर खोटं नाही ना होत?"

"नाही होत. मला दिसतं ते मी लिहिते. सह्या दोन दिसतात. कोणी विचारणार नाही."

"आणि तुम्हाला जे कळलं ते?"

"ते तुमचं आहे. लिहायचं तर तुम्ही लिहा, तुमच्या नावाखाली."

खरं तर हे पाकीट त्यांना केव्हाच जाळता आलं असतं. मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यांना तीन ओळींना पाऊण तास लागला: 'परत मिळालं या रकान्यातली सही माझी आहे. अनुक्रमांक सतरा परत केलेलं नाही. बाईंनी सही नाकारली होती, आणि ते बरोबर होतं.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

"हे तिकडचं कोणी वाचेल?"

"एकोणीस वर्षांत तिकडून दोघं आले. एकाला नुसती टपाल तिकिटं बघायची होती." खोटा धीर देणं मला जमत नाही. "पण याची नक्कल त्या गावाच्या कचेरीला पाठवता येईल. घरातलं कोणी असेल तर ते पोचवतील. पत्ता आहे?"

साहेबांनी घर क्रमांक, गल्ली, कोपऱ्यावरचं पाववाल्याचं दुकान सगळं न अडखळता सांगितलं. इतक्या वर्षांत त्या पत्त्यावर त्यांनी एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं.

"शिव्याच येतील," ते म्हणाले.

"येऊ देत. त्याही सूचीत चढवू. उत्तर आलं तर घरी फोन करू?"

"फोन नको. फोन मुलगा घेतो. मीच येत जाईन विचारायला. मंगळवार चालेल?"

"साहेब, टपाल जाऊन यायलाच दीड महिना लागतो."

"हां," ते उठत म्हणाले. "मग या मंगळवारपासूनच सुरू करतो."