रेषेखालचा ठिपका

वेधशाळेच्या प्रमुख सरांनी जुना आणि नवा आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ठिपकेताईंची नजर जुन्यातल्या एकाच ठिपक्यावर गेली. वेधशाळेतले आलेख गेली बावीस वर्षं त्याच काढत होत्या, म्हणून हे नाव. हात इतका नेटका की सर गमतीने म्हणत, दीर्घिका चुकतील, पण ताईंची रेषा चुकायची नाही.

आलेख एका सर्पिल दीर्घिकेचा होता. तिच्यातले वैश्विक किरणांचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, जितकी कमी, तितक्या लहरी प्रखर. ठिपके जोडले की सरळ रेषा मिळते. नव्या मोजणीत मात्र सगळ्यात कमी कंप्रतेचा ठिपका रेषेच्या बराच खाली होता. तिथे दीर्घिकेतला तप्त वायूच लहरी गिळत होता. बारा वर्षांपूर्वीच्या आलेखात तोच ठिपका ऐटीत रेषेवर बसला होता.

"चूक आपली आहे," सर म्हणाले. "अण्णा, तुमचं यंत्र तेव्हा नीट लागलं नसणार."

अण्णा अँटेनाचे जुने तंत्रज्ञ. त्यांनी मान खाली घातली. "असेल साहेब. माझाच हात चुकला असेल."

ताईंनी जुना आलेख गुंडाळून कपाटात ठेवला.

त्या दिवसापासून अण्णा आपला प्रत्येक आकडा दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले. ताईंना ते बघवेना. चौथ्या दिवशी त्यांनी कपाटातून अण्णांची जुनी वही काढली. वहीतला आकडा रेषेखालचाच होता. अण्णांनी घाईत चुकीचं लिहिलं असेल असं परस्पर ठरवून, रेषा बिघडू नये म्हणून, ताईंनीच आलेखात तो वाढवला होता. शेजारी अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीनदा मोजले'. तेव्हा त्यांनी ते वाचलंसुद्धा नव्हतं. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वही घेऊन त्या अण्णांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. अण्णांनी चार शब्द सुनावावेत, असंच त्यांना वाटत होतं. अण्णा कितीतरी वेळ आकड्यावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

त्यांचा चेहरा असा उजळला की ताईंना तिथे उभं राहणं कठीण झालं. साहेबांना कशाला सांगता, मला कळलं तेवढं पुरे, असंही अण्णा म्हणाले.

ताई सरांच्या खोलीकडे निघाल्या. मागोमाग येऊन अण्णा बाहेरच्या बाकावर बसले. त्यांना शब्द न् शब्द ऐकू यावा म्हणून ताईंनी आत गेल्यावर दार लोटलं नाही.