नाकाची नोकरी

"चहा नंतर ठेव," हौसेराव म्हणाले. "आधी एवढं बघ."

त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं. डबा साधा स्टीलचा, चार लोकांकडं असतो तसाच. पण पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून जुईनगरच्या खोलीवर परत येताना कधीकधी त्यात कागदाची एक पांढरी पट्टी असायची, बोटाएवढी रुंद, टोकाला तेलात बुडवलेली. शालननं ओले हात पदराला पुसले, पट्टी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. हा कार्यक्रम नेहमी सकाळी चहाच्या आधी व्हायचा. एकदा आल्याचा चहा पोटात गेला की बारीक वास कळत नाही, असं तिचंच म्हणणं होतं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "टाळूवानी. मागनं पेरूच्या सालीचा वास येतोय."

"मागच्यापेक्षा उजवं का डावं?"

"तसंच की."

पट्टी तिच्या बोटांत हलत होती. "हात का गं थरथरतोय?" हौसेरावांनी विचारलं.

"थंडी हाय."

एप्रिल महिना चालू होता. पण हौसेरावांना बस गाठायची होती. त्यांनी 'टाळू, पेरूची साल, मागच्यासारखंच' असं मनात घोकलं आणि पायात चपला सरकवल्या.

नवरा-बायकोचं हे काय चाललं होतं, ते आता सांगायला हवं. हौसेराव ज्या लहानशा कारखान्यात होते तिथं कस्तुरी भेंडीच्या बियांचं तेल काढत. धंद्यातले लोक या बियांना मुष्कदाणा म्हणतात. आपल्या भेंडीचीच ही चुलत बहीण. पण हिच्या बीत कस्तुरीचा वास असतो, आणि हरणाचा जीव न घेता कस्तुरी हवी असणारे परदेशातले अत्तरवाले तिच्या मागावर असतात. भट्टीतून उतरलेलं ताजं तेल नुसतं तुपकट येतं. ते अंधाऱ्या खोलीत महिनोन् महिने ठेवलं की कस्तुरी हळूहळू वर येते. ती आली का, किती आली, लॉट पाठवायचा का अजून ठेवायचा, हे हौसेरावांच्या नाकानं ठरवायचं. कारखान्यात त्यांना सगळे 'नाकवाले काका' म्हणत.

आणि या नाकवाल्या काकांना कस्तुरीचा वास जन्मात एकदाही आलेला नव्हता.

बाकी वासांत ते कुणाला हार जायचे नाहीत. हिंग, करपलेली भाकरी, ओहोटीला सुटणारा खाडीचा वास, काही चुकायचं नाही. फक्त कस्तुरी म्हटली की नाकापुढं भिंत. बावीस वर्षांपूर्वी वाशीच्या मार्केटात पोती वाहून पाठ गेलेले हौसेराव एका साताऱ्याकडच्या गाववाल्याच्या ओळखीनं इथं हेल्पर म्हणून लागले, तेव्हा मोठ्या शेठनी सहज एक पट्टी पुढं केली होती. "बोल, काय येतं?" तेलकट कागदापलीकडं काही आलं नाही. पण तसं म्हणावं तर पुन्हा पाठीवर पोती. "उद्या सांगतो शेठ," असं म्हणून त्यांनी पट्टी खिशात घातली.

संध्याकाळी शर्ट भिजवायला घेताना शालन ओरडली, "आवं, खिशात ह्यो टाळूचा वास कशाचा? आपल्या विश्वजितच्या टाळूला येतोय तसा?"

विश्वजित तेव्हा तान्हा होता. दुसऱ्या दिवशी हौसेरावांनी शेठना सांगितलं, "तान्ह्या बाळाची टाळू." शेठ खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांत असं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाले, आणि हेल्परचा नाकवाला झाला.

तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. हौसेराव खरं म्हणजे भिडस्त, सरळ माणूस. आयुष्यात त्यांनी लबाडी एकच केली, फक्त ती बावीस वर्षं केली. शालनला हे काही काम आहे असं कधी वाटलंच नाही. ती दोन घरची धुणीभांडी करायची, त्याला ती काम म्हणायची. विश्वजित मोठा झाला, पुण्याला गेला, तिथं नोकरीत रमला. मोठे शेठ वारले. त्यांची मुलगी हेतल कारखाना बघू लागली. पट्टीचा डबा मात्र येत-जात राहिला.

त्या एप्रिलात हेतलनं हौसेरावांना केबिनमध्ये बोलावलं. "काका, बसा. लॉट परत आलाय."

"कुठला?"

"आठ महिने ठेवलेला. ते लोक म्हणतात, यात कस्तुरी नावालापण नाही. त्यांनी मशीनवर चेक केलंय. बीवाल्यानं आपल्याला फसवलं काका, एकदा तेल काढलेलं बी वाळवून परत मिक्स केलं होतं. पण तुम्ही तर चांगलं म्हणून सही केली ना?"

हौसेराव खुर्चीच्या कडेला सरकले. "होतं एखाद्या वेळी."

"तिसरा आहे हा." हेतलचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. वय होतं माणसाचं. पण मी आता काय करू, तुम्हीच सांगा."

हौसेराव उठून बाहेर आले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते शालनवर मनातून रागावले. बाई लक्ष देत नाही, घाईत काहीतरी ठोकून देते, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन चांगलं खडसवायचं असं ठरवून ते खोलीवर आले, तर शालन फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत बसलेली. आठवड्यातला तिसरा कप. उजवा हात मांडीवर ठेवला तरी हलत होता.

वाशीच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव लहान लहान होत शेवटी मुंगीएवढं झालं. मग डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वास नीट येतो का?"

हौसेरावांना हसूच येणार होतं. डॉक्टर, या बाईसारखं नाक उभ्या नवी मुंबईत नाही, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"न्हाय," शालन फरशीकडं बघत म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वरसं झाली आसतील. आदी कमी कमी झाला, मग गेलाच."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "या आजारात असं होतं. बऱ्याच जणांचा वास आधी जातो, हात नंतर थरथरायला लागतो. कंपवात म्हणतात याला. गोळ्यांनी हात थोडा सावरेल. आजार पूर्ण जात नाही, आणि वासाची आशा ठेवू नका."

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. औषधाच्या दुकानापुढं रांग होती. कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"सांगितलं का न्हाईस?" शेवटी हौसेराव म्हणाले.

"काय सांगायचं? सकाळी उठून पट्टी म्होरं धरायचा तुमी. तुमच्या त्वांडाकडं बघितलं की जीभ रेटायची न्हाय. मग जुनंच कायबाय फिरवून सांगायची."

"दोन वर्षं?"

"तुमी तरी शेठला कुठं सांगितलं?"

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. बी बहुतेक वेळा चांगलं येत होतं, म्हणून दोघांचं निभावलं. वाईट आलं तेव्हा देवही कुठं दिसला नाही. हौसेरावांनी तिचा हलणारा हात आपल्या हातात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत हात धरायची ही पहिलीच वेळ. शालननं इकडंतिकडं बघितलं, पण हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते थेट हेतलच्या केबिनमध्ये गेले, बसले नाहीत, आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. मला कस्तुरी येत नाही. कधीच आली नाही. मोठ्या शेठना फसवलं, तुम्हाला फसवलं.

हेतल त्यांच्याकडं बघतच राहिली. मग हसली. चेष्टेचं हसू नव्हतं ते, दमलेल्या माणसाचं होतं.

"काका, पुष्कळ लोकांना येत नाही. बाकी सगळं येतं, फक्त कस्तुरी नाही. आम्हाला अत्तराच्या कोर्सला पहिल्याच आठवड्यात शिकवलं हे. पप्पांच्या सख्ख्या भावाला येत नव्हती! तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं ना, तर पप्पांनी तुम्हाला भट्टीवर लावलं असतं. बस, एवढंच झालं असतं."

एवढंच झालं असतं. हौसेरावांनी खुर्चीची पाठ धरली. बावीस वर्षांची धास्ती, रोज सकाळचं ते पाठांतर, सुट्टीला गावी गेलं तरी डोक्यात वळवळणारा तो किडा, आणि त्या सगळ्याचं मोल एवढंच.

"पण मग ते टाळूचं कोण सांगायचं?" हेतल पुढं वाकली.

"आमची मंडळी."

"काकू? काकू काय करतात?"

"धुणीभांडी."

हेतलनं कपाळाला हात लावला. "अहो काका, असं नाक मिळावं म्हणून लोक कुठं कुठं फिरतात! त्यांना घेऊन या. मी ठेवते त्यांना, त्यांच्या स्वतःच्या नावावर. तुम्हीपण राहा भट्टीवर. प्रॉब्लेमच मिटला ना."

हौसेरावांनी सगळं सांगितलं होतं, फक्त डॉक्टरकडचं सांगायचं राहिलं होतं. आता ते सांगायला तोंड उघडेना. त्यांनी मान हलवली आणि ते बाहेर आले. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. ती आपल्याच दारात अशी येऊन उभी राहील असं त्यांना वाटलं नव्हतं.

शालन मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव घेतलं?"

"काकू म्हणाली. काकूंना घेऊन या म्हणाली."

"पयल्यांदा सांगितलं आसतं, तर तवाबी बोलावलं आसतं का?"

"बोलावलं असतं."

ती पुन्हा मेथी निवडू लागली. पानं परातीत पडण्याऐवजी बाहेर पडत होती. हौसेरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. हिनं रडावं, भांडावं, निदान परात तरी आपटावी, असं त्यांना वाटत होतं. तिनं बाहेर पडलेली पानं वेचून परातीत टाकली.

"उद्या येते मी," ती म्हणाली.

"कशाला? तुला तर आता..."

"तुमचं सांगायचं ऱ्हायलंय न्हवं? ते सांगते. आन् बघून येते एकदा. बावीस वरसं नुसता कागुद बघितला."

दुसऱ्या दिवशी ती लग्नाकार्यातली निळी साडी नेसून आली. भट्टी बघितली, तांब्याची नळी बघितली, पोत्यातलं बारीक, रेघारेघांचं बी तळहातावर घेतलं आणि सवयीनं नाकाशी नेता नेता खाली सोडून दिलं. केबिनमध्ये हेतलनं तिला स्वतः खुर्ची दिली आणि हौसेनं एक पट्टी पुढं केली.

"नगं ताई," शालन म्हणाली. "मला वास येत न्हाय. दोन वरसं झाली. परवा डाक्टरनं आजार सांगितला. ते तुमचे तीन लॉट माज्यामुळं गेले. ह्येंचा त्यात काय बी दोस न्हाय."

हेतलनं हौसेरावांकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नाही. तिनं पट्टी टेबलावर ठेवली. मग सांगितलं, की त्या परदेशी पार्टीनं काल संध्याकाळीच कळवलंय, आपला माल ते पुन्हा घेणार नाहीत, भट्टीवरचे दोघंसुद्धा ती कमी करतेय, पुढचे लॉट बाहेरच्या लॅबमध्ये जातील. "काका, महिनाअखेरपर्यंत या. त्याच्यापुढं मला नाही जमणार. सॉरी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं पक्कं होतं.

दोघं उठले. हेतलला काय वाटलं कोण जाणे, तिनं कपाटातून एक जाड वही काढून शालनपुढं ठेवली. "काकू, हे तुमचं आहे. बघून तरी जा."

प्रत्येक लॉटची एक ओळ होती. तारीख, आलेला वास, आणि शेवटी सही: हौसेराव. शालन चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून ती पुटपुटत वाचू लागली.

"उन्हात वाळलेल्या गोधडीची आतली बाजू." तिनं पान उलटलं. "सहाणेवरचं कालचं चंदन." मग थांबली. "ह्यो दिस ठावं हाय मला. विश्वजितला गोवर आला हुता. रातभर जागून सकाळी सांगितलं हुतं ह्ये." ती नवऱ्याकडं वळली. "शबुद न शबुद लिवलाय की तुमी."

"हो."

ती वाचत राहिली. बाहेर भट्टीवरची दोन माणसं दारातून डोकावून गेली. वहीच्या शेवटाकडं एका पानावर तिचं बोट अडलं. तिथून पुढं प्रत्येक ओळीत तेच ते शब्द होते, टाळू, पेरूची साल, मागच्यासारखंच.

"ताई, पेन हाय?"

हेतलनं दिलं.

"हितनं म्होरचं सगळं खोटं हाय," शालन म्हणाली. "आदीचं ऱ्हाऊ द्या. ते खरं हाय."

तिनं पहिली ओळ खोडली. हात थरथरत होता, रेघ नागमोडी गेली, पण शब्द झाकले गेले. मग ती खालच्या ओळीवर आली. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता, पान सारखं उलटू बघत होतं. हौसेरावांनी वाकून ते दोन्ही कोपऱ्यांवर बोटांनी दाबून धरलं.