नात्यातले न्हवं, घरचेच

"वीस दिस झाले, आन् ह्याची नाळ काय पडंना. बापावानीच हाय, धरलं की सोडायचं न्हाई."

न्हाणीच्या गोणपाटाआड माझ्या धाकट्या जावेच्या बाळाला पायावर घेऊन सासूबाई पुटपुटत होत्या. मी तांब्या घेऊन हातभर अंतरावर उभी. पुटपुटणं माझ्यासाठी नव्हतं. पण वीस हा आकडा त्यांच्या तोंडून असा सहज आला, की या बाई रोज मोजतायत हे मला कळलं.

माझ्या पोरांच्या नाळा आठवड्याच्या आत पडल्या होत्या. पण माझ्या पोरांचं काय, मी पडले कर्जतची, परकी. थोरल्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, लग्नाच्या वेळी सासूबाईंच्या भावाकडं, पुणतांब्याच्या आप्पासाहेबांकडं, लग्नाजोगी मुलगी नव्हती, म्हणून नाइलाजानं माझी वर्णी लागली. धाकट्या दिराच्या, कानिफनाथाच्या, वेळेपर्यंत आप्पासाहेबांची मुक्ता मोठी झाली होती. मामाची पोर. बघायचा कार्यक्रम नाही की चौकशी नाही. सासूबाईंची आईसुद्धा अशीच तिच्या आत्याच्या घरी दिलेली. बैलजोडी घेताना चार बाजार पालथे घालणारी माणसं, सून मात्र डोळे मिटून घेत.

आम्ही दोघी जावा सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणायचो. मी मानानं, मुक्ता नात्यानं.

मुक्ताचे दोन मुलगे आधी गेले होते. पहिला राजेंद्र, चौथ्या महिन्यात. एवढं देखणं नाव ठेवलं म्हणून दृष्ट लागली, असं ठरलं. दुसऱ्याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे मरण त्याच्याकडं ढुंकून बघणार नाही. मरणाला वाचता येत नसावं. तो पाचव्या महिन्यात गेला. आता हा तिसरा. याला जन्मल्यावर रीतसर उकिरड्यावर ठेवला, मी मूठभर बाजरी देऊन विकत घेतला आणि केरबा म्हणून मुक्ताला सांभाळायला दिला. म्हणजे रिवाजानं पोर माझं. शेणाच्या ढिगावर हिरव्या माश्यांच्या मधोमध तो उघडा पडला होता, मी लगेच उचलायला वाकले, पण आत्याबाई म्हणाल्या, "मरनाला फसवायचं तर एवढं करावंच लागतं."

नाळ एकदाची पडली सव्विसाव्या दिवशी. बेंबीपाशी जखम राहिली. लाल, कडक, आणि पू म्हणून नाही. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या. "काय बाई सोच्छ जखम. पोराचं रगत चांगलं हाय." राजेंद्रच्या मानेवर आणि दगडूच्या मांडीवर अशीच स्वच्छ जखम होती. ते कुणी बोललं नाही. गेलेल्या पोरांचं नाव काढायचं नसतं.

तिसऱ्या महिन्यात ताप उतरेना, तेव्हा आम्ही नेवाशाहून एस.टी.नं नगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. बांगलादेशच्या लढाईचं साल. दवाखान्यातल्या रेडिओवर सारख्या बातम्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जखम पाहिली, रक्त तपासलं, मग मुक्ताला विचारलं, "आधीची मुलं?"

मुक्तानं तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हेच पैलं."

"नवरा-बायको नात्यातले आहेत का?"

"न्हाई न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "नात्यातले न्हवं, घरचेच हायेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग रेडिओकडं बोट करून म्हणाल्या, "शरीरात रोगाशी लढणारे शिपाई असतात, रक्तातले. याच्या रक्तात शिपाई भरपूर आहेत, पण ते लढाईच्या जागी पोचतच नाहीत. म्हणून जखमेत पू नाही. पू नाही हे चांगलं लक्षण नव्हे, आजी. याला नाव काय द्यावं, मला माहीत नाही. पण हे बहुतेक जन्माचं आहे. आई आणि बाप, दोघांच्या रक्तातून थोडं थोडं आलेलं. एकाच घराण्यात लग्नं झाली, की ते असं एकत्र येतं."

परतताना एस.टी.त, दवाखान्यात बाहेरच थांबलेल्या कानिफनाथानं विचारलं, "काय म्हनली गं डाक्टरीन?"

"रगत कमी हाय म्हनली," आत्याबाई म्हणाल्या. "खजूर चारा मुक्तीला."

मुक्ता खिडकीतून बाहेर बघत होती. केरबाची मूठ माझ्या बोटावर गरम होती. खजूर आणला. केरबा चौथ्या महिन्यात गेला. माझी बाजरी कुणी परत दिली नाही, आणि मी तरी पोर परत मागायचं कुणाकडं?

महिन्याभरात ठरलं, की मुक्ताचा पायगुण वाईट आणि कूस नासकी. दुसरी बायको आणायची. कायद्यानं ते बंद होतं. पण कायदा नेवाशाच्या कचेरीत बसायचा, आमच्या गावाला यायला त्याला गाडी नव्हती. आणि आणायची कोण? मुक्ताची धाकटी बहीण साळू. सोळा वर्षांची. सवतसुद्धा परकी नको.

आप्पासाहेब पुणतांब्याहून आले. ओसरीवर चहा झाला. मुक्ता दारामागं तांदूळ निवडत होती, आणि तिचा बाप ती तिथं नसल्यासारखा बोलत होता. "एक दाना किडका निघाला, म्हून काय पोतं टाकायचं का?"

मला राहवलं नाही. "आत्याबाई, त्या डॉक्टरीण म्हणाल्या होत्या..."

"तू परकी. तुला आमच्या रक्तातलं काय कळतंय?"

तेवढं मात्र खरं होतं. माझी तीन पोरं त्याच उकिरड्यावर लोळून, नाक पुसत मोठी झाली होती.

"आक्का," आप्पासाहेब बहिणीला म्हणाले, "साळू देतो. पर उद्या लोक म्हनतील, एका लेकीचं असं झालं, तरी त्याच घरात दुसरी का दिली. तू भंडारा उचल. म्हन, दोष मुक्तीतच हाय, दुसऱ्या कुनात न्हाई. मंग माजा शबुद दिला."

मीच देवघरातून खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणली. आमच्याकडं बांधाच्या भांडणात माणूस कोर्टात शंभरदा खोटं बोलेल. भंडारा हातात घेऊन बोलत नाही. डॉक्टरणीपुढं आत्याबाईंची जीभ अडली नव्हती. डॉक्टरीण काही खंडोबा नव्हती.

आत्याबाईंनी पदर सावरला, चिमूट उचलली. पिवळी बोटं वाटीच्या काठावर थांबली. दारामागं तांदळाचा आवाज बंद झाला.

"म्हन की," आप्पासाहेब म्हणाले.

"म्हनते." आत्याबाई भावाकडं बघत राहिल्या. मग चिमूट वाटीत सोडली, झटकन, चटका बसावा तशी.

"आई, काय झालं?" कानिफनाथानं विचारलं.

"आप्पा, आपल्या पाठची चार गेली," आत्याबाई म्हणाल्या. "तू ल्हान हुतास. मी मांडीवर घेऊन बसायची. चौघांच्याबी अंगावर ह्याच जखमा, अशाच कोरड्या. आई म्हनायची, बोलू नगंस, सोयरीक मोडंल."

आप्पासाहेबांचा कप बशीवर वाजला. "आक्का, हे आता कशाला..."

"साळूला दुसरं घर बघ. लांबचं बघ." त्यांनी भंडाऱ्याची बोटं लुगड्याला पुसली, आणि दाराकडं न बघता, पण दारामागं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुक्तीत दोष न्हाई. तुज्या नि माज्या रक्तात हाय. तितनंच तिच्यात आन् कानिफात गेलाय."