नापास होण्याची शिकवणी

दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा कडक झाला आणि माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चाळिशीपुढच्या बायका वाढल्या. नवरे स्वतः आणून सोडायचे आणि बायकांनी कसं स्वावलंबी व्हायला हवं, ते मलाच ऐकवायचे.

त्यांतल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराचा उत्साह सगळ्यांत दांडगा. हे हार्डवेअरवाले एकदा पिऊन चालवताना पकडले गेले होते. पुन्हा सापडले असते तर थेट तुरुंग. टॅक्सीवाल्यासमोर झोकांड्या खाणं त्यांना कमीपणाचं वाटे. बायकोसमोर वाटत नसे.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. वहिनी दोन आठवड्यांत माझ्यापेक्षा बरी गाडी चालवू लागल्या. तरी टेस्टला दोनदा नापास! एकदा चढावर गाडी बंद पाडली, एकदा खांबाला टेकवली. मी कपाळाला हात लावला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सर, मला लायसन्स नाही तोवर ते क्लबात जात नाहीत. चार महिने झाले, घरात कुणाचा आवाज चढलेला नाही. या खेपेला कशी नापास होऊ, तेवढं शिकवा."

सरळ नाही म्हणून का सांगत नाही, असं मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. सतरा वर्षांत किती वेळा नाही म्हणून पाहिलं आणि पुढे काय झालं, ते सगळं त्या हसण्यात आलं.

मग मी शिकवलं. रिव्हर्स घेताना आरशात बघायचंच नाही, चाक खुशाल आखलेल्या रेघेवर जाऊ द्यायचं. टेस्ट घेणारे साहेब तिथेच नापास करून उतरवतात.

टेस्टच्या दिवशी रिव्हर्स घेताना वहिनींनी आरशात पाहिलं. मीच लावलेली सवय, जाते कुठे. मागून एक म्हातारा कागद वाचत चालला होता. ब्रेक असा लागला की गाडी जागच्या जागी बंद.

"पण साहेब, गाडी बंद पडली माझी," वहिनी घाईने म्हणाल्या.

"माणूस वाचला ना? पास."

हार्डवेअरवाले फाटकाशी उभेच होते. किल्ली वहिनींपुढे करत मला म्हणाले, "मानलं बुवा मास्तर. आज संध्याकाळी क्लबात या."

वहिनींनी सीट पुढे ओढली, आरसा बसवला. नवऱ्याचा सीटचा पट्टा लावायचा राहिला होता, तोही त्यांनीच लावला. फाटकावरच्या फलकावर यंदा अपघात किती कमी झाले, तो आकडा होता. आकडा खराच असणार. वहिनी इंडिकेटर देऊन त्याच्याखालून सावकाश बाहेर पडल्या.